शेडनेटमधले सूत्रकृमी आणि सुगंधी तेले: कोणते तेल, किती, आणि ठिबकमधून कसे सोडायचे?

गादीवाफा:
नमस्कार मंडळी. १० गुंठे शेडनेट, मध्यम काळी माती. काकडीचा प्लॉट संपला. वेल उपटले तर मुळ्यांवर हरभऱ्याएवढ्या, कुठे कुठे सुपारीएवढ्या गाठी. माती तपासून घेतली, मूळगाठ सूत्रकृमी (मुळांत शिरून गाठी करणारे, डोळ्यांना न दिसणारे कृमी) निघाले, एका ग्रॅम मातीला ४ पिल्ले. पुढे ढोबळी मिरची आहे, लागवडीला पाच आठवडे हातात आहेत.

गादीवाफे १ मीटरचे, मधला रस्ता ५० सेंमी, वाफ्यांची एकूण लांबी ६०० मीटर. प्रत्येक वाफ्यावर दोन लॅटरल (ठिबकच्या नळ्या), ४० सेंमीवर ताशी २ लिटरचे ड्रिपर.

जवळच गवती चहाचे तेल काढणारा प्लांट आहे, तेल सहज मिळते. तेच चालेल का, की ओवा, लवंग, दालचिनी असे काही घ्यावे? १० गुंठ्यांना किती लागेल? आणि तेल पाण्यात विरघळत नाही, मग ठिबकमधून सोडायचे कसे? दुकानदार "लिटरला २ मिली टाका, आळवणी करा" एवढेच सांगतो. रासायनिक औषधांची माहिती आहे, ती चर्चा इथे नको.

मूळगाठ:
दादा, "लिटरला २ मिली" हा फवारणीचा हिशेब झाला. पानावर तो चालतो, कारण पानावर पडलेला थेंब तिथेच राहतो. मातीत गेलेले तेल चिकणमातीला आणि सेंद्रिय कर्बाला चिकटते, काही वाफ होऊन उडते, काही जिवाणू खातात. उरलेले मातीच्या कणांभोवतीच्या पाण्यात येते आणि सूत्रकृमीला तेवढेच लागते. म्हणून डोस मातीच्या वजनावर काढायचा.

आधार म्हणून एक प्रयोग सांगतो. इस्रायलमध्ये मसाल्याच्या आणि सुगंधी अशा २७ वनस्पतींची तेले मेलॉयडोगायनी जावानिका या मूळगाठ सूत्रकृमीच्या जातीवर तपासली होती, निष्कर्ष २००० साली छापून आले. काचेच्या भांड्यात लिटरला १००० मायक्रोलिटर या प्रमाणात १२ तेलांनी ८० टक्क्यांहून जास्त पिल्ले निश्चल केली. कुंडीत काकडीच्या रोपांवरच्या गाठी कमी झाल्या त्या किलो मातीला १०० ते २०० मिलिग्रॅम तेल दिल्यावर. आणि ती माती वाळूमिश्रित होती. आपल्या काळ्या मातीत त्याहून कमी डोसात काम होईल असे समजायला काही आधार नाही.

आता तुमचा प्लॉट घ्या. १० गुंठे म्हणजे १०१२ चौरस मीटर. १५ सेंमी खोलीपर्यंतची माती १५२ घनमीटर, वजन साधारण १९७ टन. किलोला १५० मिलिग्रॅम धरले तर जवळजवळ ३० किलो तेल. हे कोणालाच परवडत नाही.

फक्त ठिबकचा ओला पट्टा धरा: दोन लॅटरल मिळून ६० सेंमी रुंद, १५ सेंमी खोल, ६०० मीटर लांब. ५४ घनमीटर, ७० टन. आता १०.५ किलो. तरी खिशाला जड. लोक इथेच चुकतात. पैसे वाचवायला तेल निम्मे करतात, मग ना सूत्रकृमी मरतो ना पैसे वाचतात. डोस तोच ठेवा, माती कमी करा. वेल उपटताना गाठी कुठल्या वाफ्यात जास्त होत्या ते पाहिले का? सूत्रकृमी शेतभर सारखे कधीच नसतात, ठिगळाठिगळाने असतात.

तेल कुठले ते थोडक्यात. ओव्याच्या तेलात थायमॉल असते आणि मुळगाठीवर थायमॉल, कार्व्हाक्रॉल ही जोडी खात्रीची. लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतला सिनामाल्डिहाइड हेही चांगले, पण दालचिनी महाग आणि मुळांना सर्वात कडक. गवती चहातला सिट्रल काम करतो, पण हवेत आणि मातीत लवकर मोडतो. रोशा गवताचे तेल (जिरॅनिऑल) मिळाले तर गवती चहापेक्षा ते बरे. निलगिरी स्वस्त म्हणून घेऊ नका, त्यातला सिनिओल या कामात कच्चा आहे. आणि निंबोळी, करंज, एरंड ही तेले या यादीत बसत नाहीत. ती उडून जाणारी नाहीत, त्यांचे काम वेगळ्या रीतीने होते, त्यांना हा हिशेब लावू नका.

एक राहिले. प्रयोगशाळेला सूत्रकृमीची जात विचारा. जावानिका सहसा मिरचीवर वाढत नाही, इन्कॉग्निटा वाढते. जावानिका निघाली तर या पिकापुरता तुमचा निम्मा प्रश्न सुटला.

गादीवाफा:
जात विचारली, इन्कॉग्निटा आहे. वाफेवार नोंद होती: दरवाजाच्या बाजूचे तीन वाफे फार वाईट, प्रत्येकी ५० मीटर. बाकी ठिकाणी तुरळक. म्हणजे १५० मीटरचाच विचार करू का?

मूळगाठ:
हो. १५० मीटरला ओला पट्टा साडेतेरा घनमीटर, साडेसतरा टन माती, १५० मिलिग्रॅमने २.६ किलो तेल. बाकीच्या वाफ्यांना निंबोळी पेंड आणि जैविक बुरशी (ट्रायकोडर्मा, पॅसिलोमायसिस) पुरे. दरवाजाकडचे वाफे वाईट याचा अर्थ माती बुटांना आणि अवजारांना लागून आत आली आहे. तिथला बंदोबस्त केला नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

ठिबक_मिस्त्री:
मिसळण्याचे मी सांगतो.

पायसीकारक, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ, म्हणून पॉलीसॉर्बेट ८० घ्या, रसायनांच्या दुकानात ट्वीन ८० नावानेही मिळते. तेलाच्या निम्मे. २.६ किलो ओवा तेलाला १.३ किलो. कपड्याचा साबण किंवा साबणाचे पाणी वापरू नका. बोअरचे पाणी जड असते, त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा पांढरा साका होतो आणि तो थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो.

क्रम उलटा करू नका. कोरड्या बादलीत आधी तेल आणि पॉलीसॉर्बेट एकत्र घोटायचे, दोन्ही एकजीव, पारदर्शक झाले पाहिजे. मग पाणी कपा-कपाने घालत ढवळत राहायचे. सुरुवातीला मिश्रण मलईसारखे घट्ट होते, घाबरू नका, पाणी घालत राहा, एका क्षणी ते पातळ होऊन दुधासारखे पांढरे होते. मग एकूण ४० लिटर करा. आधी पाण्याच्या ड्रममध्ये तेल ओतून वर पॉलीसॉर्बेट टाकले तर कितीही ढवळा, तवंग राहतोच.

हे सगळे करण्याआधी काचेच्या बरणीत नमुना करा: १० मिली तेल, ५ मिली पॉलीसॉर्बेट, तुमच्याच विहिरीचे किंवा बोअरचे १४० मिली पाणी. तासभर स्थिर ठेवा. वर साईसारखा थर आला पण हलवल्यावर पुन्हा मिसळला तर चालेल. सुट्टे तेलाचे डोळे तरंगले तर पॉलीसॉर्बेट वाढवून तेलाइतके करा.

थंडीत ओव्याच्या तेलात थायमॉलचे खडे तळाला बसतात. वरचे वरचे तेल ओतून घेतले तर खरा माल डब्यातच राहिला. डबा कोमट पाण्यात ठेवून खडे विरघळू द्या, मग मोजा. ओव्याचे फूल, म्हणजे अमृतधारेत घालतात तेच, ते नुसते थायमॉल असते. ५० अंशांच्या आसपास वितळते. तेही वापरता येते, पण पॉलीसॉर्बेटमध्ये कोमट करून पूर्ण विरघळवून घ्या.

सोडताना: तुमच्या तीन वाफ्यांना ७५० ड्रिपर, म्हणजे ताशी १५०० लिटर. बाकीच्या लॅटरल बंद करा. पहिली १० मिनिटे साधे पाणी, मग ४० मिनिटांत ते ४० लिटर द्रावण, शेवटी १० मिनिटे साधे पाणी. शेवटचे पाणी वाढवू नका, तेल १५ सेंमीच्या खाली ढकलले जाते आणि वरची पिल्ले तशीच राहतात. वेंचुरीची (ड्रममधले द्रावण ठिबकमध्ये ओढणारे साधन) ओढ आधी साध्या पाण्यावर बादली लावून मोजून घ्या. ताशी ६० लिटर पाहिजे.

सर्वात जास्त बिघडते ते ड्रममध्ये. ओवा, गवती चहा, रोशा ही तेले पाण्याहून हलकी, वर येतात. वेंचुरीची नळी तळाला असते. ढवळले नाही तर अर्धा तास नुसते पाणी जाते आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळे तेल. लवंग आणि दालचिनीचे तेल पाण्याहून जड, तिथे उलट: आधी सगळे तेल, मग पाणी. दोन्ही वेळेला वाफ्याच्या एका टोकाला मुळे भाजतात, दुसऱ्या टोकाला काहीच होत नाही, आणि लोक म्हणतात तेलात दम नाही. ड्रमजवळ एक माणूस काठी घेऊन उभा करा, ४० मिनिटांचा प्रश्न आहे.

रबरी ग्रोमेट आणि वॉशर तेलाने फुगतात. काम झाल्यावर डिस्क फिल्टर उघडून धुवा, लॅटरलचे शेवट उघडून पाणी जाऊ द्या. ते पाणी शेततळ्यात नको, मासे मरतील. पंपाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) नसेल तर हे काम करूच नका. वीज गेली की द्रावण विहिरीत.

हातमोजे नायट्राइलचे. थायमॉल आणि युजेनॉलने कातडी भाजते आणि डोळ्यात उडाले तर पाण्याखाली धरून बसावे लागते.

गादीवाफा:
छान, हे कोणी सांगत नव्हते. दोन शंका. वाफे आता मोकळे आहेत, तेल आजच सोडू की थांबू? आणि ट्रायकोडर्मा, पॅसिलोमायसिस दोन्ही घरात आहेत, त्याच ड्रममध्ये घातले तर एका पाण्यात काम होईल?

रोपवाटिका_सांगोला:
एका ड्रममध्ये अजिबात नको. थायमॉल बुरशीनाशकही आहे, तुमची ट्रायकोडर्मा सूत्रकृमीच्या आधी मरेल. तेलानंतर किमान १० दिवस जाऊ द्या, मग शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस द्या.

आजही सोडू नका. आत्ता मातीत जे आहे त्यातले बरेचसे अंडी आहेत, तीही तुटलेल्या मुळांच्या गाठींत. एका अंडीपुंजात काही शे अंडी, वर चिकट आवरण. तेल त्या आवरणातून नीट जात नाही आणि गाठीच्या आत तर नाहीच. मोकळे फिरणारे पिल्लू, अर्धा मिलिमीटरही नसते, तेच तेलाच्या तावडीत सापडते. म्हणून पहिल्या आठवड्यात कुदळीने उकरून जेवढ्या मुळ्या निघतील तेवढ्या काढा, उन्हात वाळवा, जाळा. उकिरड्यावर टाकू नका. मग वाफ्यांना पाणी देऊन १० ते १४ दिवस वाफसा टिकवा, तण उगवू देऊ नका. माती ओली आणि उबदार असली की अंडी फुटतात, पिल्ले बाहेर येतात आणि खायला मूळ नसते. त्या वेळी तेल. वर लगेच मल्चिंग पेपर अंथरा, वाफ आत राहते. आठवड्याने पेपर उचलून वाफे हलवा, आणखी आठवडाभर हवा लागू द्या. मग लागवड. पाच आठवडे बरोबर पुरतात. जैविक बुरशी लागवडीच्या पाण्याबरोबर.

लागवडीआधी मेथीची चाचणी करा. तेल दिलेली आणि न दिलेली माती दोन डब्यांत, प्रत्येकी २० दाणे. पाच दिवसांत दोन्हीकडे सारखी उगवण दिसली तरच मिरची लावा. तेल दिलेल्या डब्यात मेथीच्या मुळाचे टोक तपकिरी दिसत असेल तर अजून थांबा.

तेल खरेच मारते का हेही घरी कळते. ताटलीत चाळणी, चाळणीवर टिश्यू पेपर, त्यावर पातळ थरात माती, खाली माती भिजेल इतके पाणी. एक-दोन दिवसांत जिवंत पिल्ले पेपरातून खाली पाण्यात उतरतात. ते पाणी दोन बाटल्यांत घ्या. एकीत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात तेलाचे द्रावण, दुसरीत तेवढेच नुसते पॉलीसॉर्बेट. २४ तासांनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मेलेले पिल्लू सुतासारखे सरळ पडते, जिवंत वळवळते. इथेच थांबू नका. सरळ पडलेली पिल्ले साध्या पाण्यात टाकून आणखी एक दिवस ठेवा. बरीच तेले नुसती गुंगी आणतात, पाणी बदलले की पिल्लू पुन्हा हलू लागते. ज्या तेलात ती उठत नाहीत ते तेल घ्या. बाजारातल्या दोन डब्यांतला फरक असा लगेच कळतो.

आणि मूळगाठ साहेबांच्या हिशेबात थोडी भर. सुगंधी तेल सर्वात जास्त परवडते ते वाफ्यात नाही, पिशवीत. डाळिंबाच्या गुटीच्या (फांदीलाच मुळे फोडून केलेल्या रोपाच्या) पिशवीत दीड किलो माती धरा. हजार पिशव्यांना दीड टन, १५० मिलिग्रॅमने फक्त २२५ ग्रॅम तेल! पिशव्या भरण्याआधी मातीचा ढीग करा, ७५ लिटर पाण्यात ते तेल पायस करून ढीग उलथत फवारा, सात दिवस प्लास्टिकखाली, सात दिवस उघडा, मेथीची चाचणी, मग भरा. रोपासोबत शेतात सूत्रकृमी गेला की पुढे बागेचे आयुष्य आहे तोवर तो तिथेच. उन्हाळा असेल तर हा ढीग पातळ पसरून पारदर्शक कागदाखाली तापवणे त्याहून स्वस्त, पण गुटी पावसाळ्यात भरतात तेव्हा ऊन कुठून आणणार?

बागाईत_माळशिरस:
मधेच विचारतो. चार वर्षांची डाळिंबाची बाग, ४.५ बाय ३ मीटर, गाठी आहेत. उभ्या बागेत हेच तेल ठिबकने दिले तर?

मूळगाठ:
भाऊ, नको. झाडाभोवती १ मीटर व्यासाचे वर्तुळ, ३० सेंमी खोल धरले तरी ३०० किलो माती. झाडाला ४६ ग्रॅम. एकरी ३०० झाडे, १४ किलो तेल. आणि त्या मातीत तुमच्याच झाडाची पांढरी मुळी आहे, १५० मिलिग्रॅमला ती आधी जळेल. डोस मुळीला सोसेल एवढा उतरवला तर गाठीतली मादी सुखात अंडी घालत राहते. फक्त त्या आठवड्यात फुटलेली पिल्ले मरतात, आणि २५ ते ३० दिवसांत पुढची पिढी तयार. बागेत निंबोळी पेंड, दोन झाडांत झेंडू, पॅसिलोमायसिस, हाच रस्ता. मर रोगही दिसत असेल तर मुळे आणि माती सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाला दाखवा. १५ ते २० सेंमी खोलीवरची ओली माती, पांढऱ्या मुळ्यांसकट, पिशवी उन्हात ठेवू नका. तापली की आतले सूत्रकृमी मरतात आणि अहवाल "काही आढळले नाही" असा येतो.

बागाईत_माळशिरस:
मग परदेशात उभ्या पिकात तेलाची औषधे देतात ती कशी?

ठिबक_मिस्त्री:
ती सुटे तेल नसतात. युरोपीय संघात जिरॅनिऑल, थायमॉल, युजेनॉल ही तिन्ही २०१३ मध्ये पीकसंरक्षणासाठी मंजूर झाली. सेड्रोज नावाच्या औषधात जिरॅनिऑल आणि थायमॉल यीस्टच्या पोकळ पेशींत भरलेले असतात. पेशी ओली झाली की तेल हळूहळू बाहेर येते. त्यामुळे मुळीला एकदम झटका बसत नाही आणि तेल उडूनही जात नाही. ठिबकने हप्त्याहप्त्याने देतात. बादलीत पॉलीसॉर्बेटने केलेल्या पायसाचे थेंब असे धरून ठेवत नाहीत, त्यामुळे त्या लेबलवरचा डोस उचलून इथे वापरू नका. आणि "वनस्पतिजन्य निमॅटोड औषध" म्हणून जी बाटली मिळते तिच्यावर घटक, टक्केवारी आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ठेवून द्या. निर्यातीच्या मालात भलताच अवशेष निघाला तर माल तुमचा परत येतो, बाटलीवाल्याचा नाही.

गादीवाफा:
ओव्याचे तेल घेतो. शुद्ध आहे हे कसे ओळखू? एका ठिकाणी भाव फारच कमी सांगतात.

रोपवाटिका_सांगोला:
भाव फार कमी म्हणजे बहुधा फूल काढून घेतलेले तेल. थायमॉल थंड करून आधीच वेगळा काढतात आणि उरलेले पातळ तेल ओव्याचे म्हणूनच विकतात. वास तोच येतो, दम नसतो. विक्रेत्याकडून त्या लॉटचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातले घटक मोजणाऱ्या तपासणीचा) अहवाल मागा, थायमॉल ३५ टक्क्यांच्या खाली असेल तर घेऊ नका. स्थिर, म्हणजे न उडणाऱ्या तेलाची भेसळ ओळखायला टिपकागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर ठेवा. सुगंधी तेल उडून जाते, तेलकट डाग उरला तर एरंडेल किंवा खनिज तेल मिसळले आहे. आणल्यावर काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बाटलीत, अंधारात, काठोकाठ भरून ठेवा. थर्मोकोलच्या खोक्यात बाटली गळली तर खोकेच विरघळते.

गादीवाफा:
मग तीनही वाफ्यांना देतो.

मूळगाठ:
तीनही नको. मधल्या वाफ्याचे १० मीटर तेलाविना सोडा, म्हणजे तेवढ्या भागात नुसते पॉलीसॉर्बेटचे पाणी हाताने द्या, बाकी मशागत, पेंड, बुरशी सगळे सारखे. त्या १० मीटरमधले ड्रिपर तेवढ्यापुरते बंद करा, नाहीतर तिथेही तेल जाईल. लागवडीनंतर ४५ दिवसांनी दोन्ही भागांतली पाच-पाच रोपे मुळांसकट हळूच उकरा, ओढू नका, गाठीच्या मुळ्या तुटून मातीत राहतात. मुळे बादलीत धुऊन गाठी मोजा. रोप वर हिरवे दिसते म्हणून समाधान मानू नका, मिरचीच्या गाठी काकडीपेक्षा बारीक असतात, भिंग लागते.

दुपारी पाने मान टाकतात आणि कडा करपतात, असे लागवडीनंतर पहिल्याच आठवड्यात दिसले तर तो सूत्रकृमी नव्हे, तेल अजून मातीत आहे. पाणी थोडे वाढवा आणि बुरशीची दुसरी मात्रा पुढे ढकला.